पहिल्या कोंबड्याचं गाऱ्हाणं

देवा रवळनाथा, महाराजा, रात्रीचे तीन वाजून गेलेत आणि मी पडवीत खांबाला टेकून बसलोय. हातात नारळ नाही, विड्याचं पान नाही, समोर गुरव नाही. तुझ्या देवळाचं दार बंद आहे आणि तिथे उभं राहून जे बोलायला हवं ते मी इथून, काळोखातून बोलतोय. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकेक मागणं मोठ्याने सांगितलं जातं आणि मागे उभा असलेला गाव म्हणतो, 'व्हय महाराजा.' एकट्याचं दुखणं तिथे एकट्याचं राहत नाही. आज माझ्या मागे कोणी नाही. जे सांगायचं आहे ते अजून मी माणसांत कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आधी तुझ्याकडे आलोय.

तुझ्यापुढच्या मागण्यालाही आमच्याकडे गाऱ्हाणंच म्हणतात आणि शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीलाही गाऱ्हाणंच. गेले चार महिने मी तुझ्यापुढे घालत आलो ते दुसऱ्या प्रकारचं होतं. पहाटे पावणेचारला डोळे उघडले की पहिलं वाक्य तेच. देवा, त्या कोंबड्याचा आवाज बंद कर. तोंड धुवायच्या आधी, तुझं नाव घ्यायच्या आधी, हे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय माझं मलाच नीट दिसत नाही.

दिवाळी झाली आणि मी डोंबिवलीचं घर बंद करून आईजवळ राहायला आलो. तिचा दमा तिशीपासूनचा. उभा जन्म चुलीपुढे गेला, ओली लाकडं फुंकण्यात गेला, आणि गॅस आला तेव्हा छाती आधीच खराब झाली होती. आता ती आडवी झोपू शकत नाही. पाठीशी तीन उश्या लावून अर्धी बसलेली झोपते. रात्री दहाला नेब्युलायझर लावतो. वीज गेली असेल तर पंप आणि स्पेसर. तेवढ्याने अकरापर्यंत बरं चालतं. मग तिच्या छातीत बारीक शिट्टी सुरू होते. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये जाड मातीची भिंत आहे, तरी मला ती ऐकू येते. आधी श्वास सोडताना वाजते, मग घेतानाही. मी उठतो, पाणी गरम करतो, पाठ चोळतो, खिडकी उघडतो, परत लावतो. दोन-अडीचला कधीतरी शिट्टी बारीक होत होत थांबते. तिची मान उशीवर कलते. मी दिवा मालवतो आणि दबक्या पावलांनी पडवीत येऊन पडतो. पडल्यावरही कान तिकडेच. मग केव्हातरी डोळा लागतो.

आणि पावणेचारला तो.

महाराजा, त्याचं आरवणं एकदम सुरू होत नाही. आधी पंख वाजतात. ओली गोधडी दोघांनी धरून झटकावी तसा फडफड आवाज, तीनदा, कधी चारदा. मी त्या आवाजालाच जागा व्हायला शिकलोय. मग एक क्षण काहीच नाही. माझी छाती त्या क्षणात आवळून येते. आणि मग ती हाक, गडग्याच्या पलीकडून, फणसाखालच्या खुराड्यातून, थेट माझ्या डोक्याच्या हाडात. ती संपली की खालच्या वाडीतला एक कोंबडा उत्तर देतो, दूरवरून, पातळ. मग परत हा. दोन हाकांमधलं अंतर मला पाठ झालंय. मी मनात आकडे मोजतो. आला नाही तर बरं वाटायला हवं, पण न आलेल्या हाकेची वाट बघतच मी जागा राहतो.

झोप मोडल्याने माणूस कसा होतो हे तू माझ्यात पाहिलंस. औषधं आणायला कुडाळला जाताना मोटारसायकलच्या हँडलवर हात थरथरतात. आईने दुसऱ्यांदा पाणी मागितलं की मी भांडं आपटून ठेवतो. बहिणीच्या फोनवर तुटक बोलतो. दिवसभर काय खुपतंय ते शोधलं की बोट एकाच जागी जातं. गडग्यापलीकडे.

तो गणपतीच्या दिवसांत अंड्यातून निघालेला. शेजारच्या काकीच्या घरी त्या वेळी नऊ पिल्लं निघाली, त्यांतली घारीने नेली, मुंगसाने नेली, उरली ती चार. मी आलो तेव्हा हा तुरा नसलेला, उंच पायांचा, सगळ्यांच्या मागे धावणारा होता. जानेवारीत एका सकाळी त्याने पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न केला. आवाज मध्येच फाटला, खाली पडला. आई खाटेवर बसून चहा पीत होती. कितीतरी दिवसांनी हसली. 'त्येचो गळो बसलो हा,' म्हणाली. त्या दिवशी तो मलाही आवडला होता, देवा. हे मी विसरलो होतो. आज बोलता बोलता आठवलं.

फेब्रुवारी संपेपर्यंत त्याचा गळा भरला. मानेवर तांब्याच्या रंगाची पिसं आली, शेपटी काळीहिरवी झाली, पाय पिवळेजर्द. त्या पायांबद्दल मी रात्री फोनवर वाचलं. घरातली कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळेपणा त्याच्याकडचा नाही, तो राखाडी रानकोंबड्याकडून आलाय, असं स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं. राखाडी म्हणजे आपल्या घाटातला, तुझ्या देवराईच्या वरच्या अंगाला पहाटे ओरडतो तो. बाबा मला लहानपणी त्याची हाक ओळखायला शिकवायचे. त्याचं देणं या गडग्यावरच्या कोंबड्याच्या पायात उतरलंय, आणि मी त्या पायांना दोरी बांधायचा विचार करत होतो.

होय, करत होतो. मी काय काय केलं ते ऐक.

आधी काकीकडे गेलो. गोडीनेच बोललो. आईला पहाटे जरा झोप लागते, तेवढ्यात हा उठवतो, काही करता येईल का. काकीने हातातला खराटा बाजूला ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि संध्याकाळी खुराड्यावर गोणपाटं घातली. दुहेरी. फटी चिंध्या लावून बुजवल्या. आत इतका काळोख केला की त्याला उजाडलेलं कळूच नये. तीन रात्री तसं केलं. तिन्ही रात्री पावणेचारला गोणपाटाखालून तोच आवाज, जरा दबलेला, म्हणून जास्तच त्रासदायक. नंतर कळलं की त्याला उजेड लागतच नाही. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या दोघांनी कोंबड्यांना दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवून पाहिलं. सूर्य उगवला की मावळला हे समजायला काहीच मार्ग नव्हता. तरी ते आपापल्या वेळी आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या आतच आहे. आणि बाहेर खरा दिवस-रात्र असतो तेव्हा ते उजाडायच्या दोन तास आधीच सुरू करतात. तू त्यांना ते घड्याळ देऊन ठेवलंयस, आणि मी गोणपाट घालून ते थांबवायला निघालो होतो.

मग कायदा शोधला. रात्री दहा ते सहा आवाज करू नये असा आपल्याकडे नियम आहे, २००० सालचा, पण तो लाऊडस्पीकरला, फटाक्यांना, भोंग्यांना. कोंबड्यासाठी पोलिसात जाणारा मी गावातला पहिलाच झालो असतो. फ्रान्समध्ये मात्र खरंच तसं झालंय. ओलेराँ नावाच्या बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता, सुट्टीपुरते तिथे येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर दावा लावला, आणि २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०२१ मध्ये तिथे गावाकडचे आवाज आणि वास जपणारा कायदाच झाला. हे वाचून मला राग आला होता. आता नाही येत. मीही गेली पंचवीस वर्षं या गावात सुट्टीलाच येत होतो.

आणि एके रात्री तो पट्टा सापडला. कोंबड्याच्या गळ्याला बांधायचा, कापडी, चिकटपट्टीचा. आवाज काढण्यापुरती हवा एकदम बाहेर येऊ नये म्हणून मानेभोवती आवळून लावायचा. फोटोत एक पांढरा कोंबडा तो घालून उभा होता. घरपोच मिळत होता, पैसेही फार नव्हते. मी पत्ता टाकला. पैसे भरायचं तेवढं राहिलं होतं, तेव्हा भिंतीपलीकडून आईची शिट्टी सुरू झाली. श्वास आत जाताना. आत जाताना वाजते तेव्हा नळ्या फार आवळलेल्या असतात, हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितलंय. माझ्या हातात फोन, त्यावर गळा आवळायचा पट्टा, आणि कानात ती. मी फोन पालथा ठेवला आणि उठलो. त्या रात्री तू मला वाचवलंस असं मी मानतो.

पण पुढच्या वेळी नाही वाचवलंस. किंवा वाचवत होतास आणि मी ऐकलं नाही.

वैशाख लागला होता. उकाडा असा की पडवीतली लादीसुद्धा गरम. आईला त्या दिवशी दोनदा नेब्युलायझर लावावा लागला आणि सवातीनला कुठे तिचा डोळा लागला. मी आडवा झालो तेव्हा पाठ टेकल्याचं सुख मला रडवेल असं होतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. पंख वाजले. मी उठलो. बॅटरी घेतली नाही. खळ्यात उतरलो, गडग्याचा सुटलेला एक चिरा हाताला लागला, त्याचा अर्धा तुकडा होता, आणि तो मी खुराड्याच्या दिशेने फेकला. नेम धरला नव्हता. पण लागू नये असंही मनात नव्हतं. हे तुझ्यापुढे लपवून काय करू.

धोंडा कौलांवर पडला. कौल फुटलं, आत कोसळलं, आणि एकच कल्लोळ झाला. मग सगळं गप्प. तोही गप्प. मी घरात येऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि झोपलो. गाढ झोपलो, देवा. त्या रात्रीइतका मी वर्षभरात झोपलो नव्हतो.

सकाळी काकी खुराड्यापुढे उकिडवी बसलेली दिसली. आत एक खुडूक कोंबडी बसवलेली होती. मला माहीत नव्हतं. सात अंडी तिच्याखाली ठेवलेली, अठरा दिवस झालेले. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, म्हणजे तीनच दिवस उरले होते. कौल पडलं तशी ती बिथरून उठली, अंडी तिच्याच पायाखाली चिरडली, काही कौलाखाली गेली. काकीने पदरात एकेक घेऊन मला दाखवलं. एका फुटलेल्या कवचातून ओलं, काळपट पिसांचं अंग दिसत होतं. मान पंखाखाली दुमडलेली. चोच तयार होती. चोचीच्या टोकावर एक पांढरा ठिपका, दाण्याएवढाही नाही. कवच आतून फोडायला तो असतो, काकी म्हणाली. 'मुंगसान केल्यान ह्या,' ती म्हणाली. फुटलेल्या कौलाकडे तिने बघितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, हो, मुंगूसच असेल.

दुपारी ती आली. दोन अंडी आणली होती, दुसऱ्या कोंबडीची, कोमट. 'आवशीक दी,' म्हणाली. हिवाळाभर ती अशीच देत आलीय. एकदाही पैसे घेतले नाहीत. मी ती अंडी घेतली. उकडली. आईला भरवली.

त्या दिवसापासून कोंबडा आरवतोय आणि मी त्याच्याविरुद्ध काही बोलू शकत नाही. तुझा कौल लावायला देवळात यावं असं चारदा मनात आलं. काकीला सांगू की नको, उजवीकडून पाकळी पडली तर सांगेन, असं. पण मी फोडलं तेही कौलच, आणि मला काय करायला हवं ते मला पाकळीशिवाय ठाऊक आहे. तुझ्या अंगावर फूल चिकटवून उत्तराची वाट बघत बसणं ही पळवाट झाली असती.

आता कालची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच बसलोय खरं तर.

काल रात्री आईची छाती अकराच्या सुमारालाच मोकळी झाली. मला वाटलं आज दोघांनाही झोप मिळेल. मी लवकर पडलो. पावणेचारला तो आरवला तसा मी जागा झालो आणि सवयीने आत डोकावलो, उठली असेल तर पाणी द्यावं म्हणून. ती डोळे उघडे ठेवून पडली होती. अंधारात डोळे दिसले. मी म्हटलं, उठवलंच ना त्याने तुला. तिने मान हलवली.

'मी रोज जागीच आसतंय,' ती म्हणाली. 'पयल्या कोंब्याची वाट बघतंय. तो आरवलो काय समजतंय, आता दोनच तास काढूचे.'

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. ती हळूहळू, श्वासाच्या हिशेबाने बोलत होती. अडीचला मान कलते ती झोप नसते. शिट्टी थांबते कारण ती ओठ आवळून श्वास सोडते, फुंकर घातल्यासारखा, म्हणजे आवाज होत नाही. दवाखान्यात शिकवलंय तसं. मी दिवा मालवून गेलो की ती उश्यांना टेकून त्याच श्वासांवर रात्र काढते. मी विचारलं, मला हाक का नाही मारलीस. 'तुका झोप लागलली. कित्याक उठवू?' दम्याच्या माणसाचं फुप्फुस पहाटे चारच्या आसपास सगळ्यात आखडतं असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद अजून औषधांच्या डब्यात आहे. पण त्या घटकेला ती जागी, एकटी, अंधारात, मोतीबिंदूच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या घड्याळासमोर असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला रात्र कुठवर आलीय हे कळायचा एकच मार्ग होता, आणि तो गडग्यापलीकडे गोणपाटाखाली होता.

मी म्हटलं, मोबाइलला गजर लावून ठेवतो, हळू वाजेल. ती म्हणाली, 'त्या मोबायलाक काय ठावक रात खंय पावली ती?'

मग बराच वेळ गेला. तो पुन्हा आरवला, खालच्या वाडीतून उत्तर आलं. आणि तिने माझ्याकडे न बघता विचारलं, 'धोंडो तू मारलंस मां?'

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. माझ्या मनगटावर हात ठेवला. तिची बोटं गार असतात, वैशाखातसुद्धा.

महाराजा, इतके महिने मी तुझ्याकडे आईच्या झोपेसाठी मागत होतो. तू ते मागणं ऐकत होतास तेव्हा तुला दिसत असेल की त्यात आईची झोप नव्हती. माझी होती. मी ती तिच्या नावावर मागत होतो. माझ्यासाठी मागणं हा काही गुन्हा नव्हता, मला झोप हवीच होती, आजही हवी आहे, माझं अंग दुखतंय. पण तिचं नाव पुढे करून मी काकीच्या दारात गेलो, तिचं नाव मनात धरून धोंडा उचलला. ते माफ कर. माझ्या थकलेल्या अंगाचं काय करायचं ते तू बघ, मी त्याबद्दल आता भांडत नाही.

आणि आता खरं मागणं.

रोहिणी लागली आहे. आठ-दहा दिवसांत मिरग. काकीच्या घरी मुलगी आणि जावई गोव्याहून येणार आहेत, आणि मिरगाला कोंबडा कापायचा हे ठरलेलंच आहे. परवा मला म्हणाली, 'मिरगाक ह्येका कापतलंय, तू जेवक ये.' वडे-सागोतीचं ताट ती आईसाठीही पाठवेल. यात वाईट काही नाही. आम्ही सगळे असेच वाढलो, पहिला पाऊस पडून पेरणीला उतरायच्या आधी घरात कोंबडा शिजायचा, बाबा नांगर धुवून ठेवायचे आणि आम्ही पाटावर बसायचो. काकीने त्याला दाणे घालून वाढवला तो याच दिवसासाठी. चार महिने मी तुझ्याकडे ज्याचा आवाज बंद व्हावा म्हणून मागत होतो, तो मिरगाच्या दिवशी आपोआप बंद होणार आहे. माझं मागणं तू पुरवत आणलंस.

पण त्याच्या दुसऱ्या पहाटे काय होईल, देवा? पावणेचार वाजतील. बाहेर पाऊस लागलेला असेल, खालच्या वाडीतली हाक पावसात ऐकू येणार नाही. आई उश्यांना टेकून ओठ आवळून श्वास सोडत असेल आणि वाट बघत असेल. पावसाळ्यात तिची छाती जास्त भरते, रात्री लांब वाटतात. तिला कोण सांगणार की दोन तास उरले? त्याच्या जागी उभा राहिला असता तो त्या सात अंड्यांत होता. सातांत एखादा तरी नर निघालाच असता, दिवाळीपर्यंत तयार झाला असता, फाटक्या आवाजात शिकला असता. तो मी मारला. चोचीवरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट.

याला जिवंत ठेव असं मी तुझ्याकडे मागत नाही. ते मागायचा माझा हक्क नाही, तो कोंबडा काकीचा आहे आणि तिच्या घरचा मिरग आहे. मी एवढंच मागतो की आज उजाडलं की माझे पाय गडग्याकडे वळू देत. फाटक उघडून मी आत जाईन आणि काकीला सांगेन की मुंगूस नव्हतं. तिला ते ठाऊक आहे असं मला वाटतं. मला बघायचं टाळलं तेव्हाच ठाऊक होतं. तरी ते माझ्या तोंडून तिच्या कानावर पडलं पाहिजे. ती रागावली तर मला उत्तर देऊ देऊ नकोस. रागावली नाही तर मला ते सोसायची ताकद दे, कारण ते जड जाईल. मग मी तिला विचारेन की हा कोंबडा मला विकत देशील का, मिरगासाठी मी बाजारातून दुसरा आणून देतो, त्याहून मोठा. ती नाही म्हणाली तर तिचं म्हणणं मला मान्य असू दे. हो म्हणाली तर त्याला कुठे ठेवायचा ते मी ठरवलंय. पडवीच्या या टोकाला, आईच्या खिडकीखाली. खुराड्याला चिरे मी स्वतः लावीन. कौलं मी स्वतः आणीन.

मी वाचलंय की कोंबडा आरवताना चोच पूर्ण उघडतो तेव्हा त्याच्या कानाची नळी आपोआप मिटते आणि पडद्याचा काही भाग मऊ मांसाने झाकला जातो. बेल्जियमच्या अभ्यासकांनी त्याच्या कानाशी तो आवाज मोजला, १४० डेसिबलच्या वर भरला. स्वतःच्याच हाकेने तो बहिरा होऊ नये म्हणून तू ती सोय केलीस. एवढ्याशा जिवाचा एवढा विचार केलास. मग माझ्यासाठीही एक कर. माझे कान मिटू नकोस. इतक्या रात्री मी भिंतीपलीकडे झोपलेला असताना तिने ओठ आवळून सोडलेला श्वास मला ऐकू आला नाही. तो ऐकू येऊ दे. आवाज न करता ती जागी असते ते मला कळू दे, आणि मी उठून तिच्याजवळ जाऊन बसू दे, काही न करता, पाणी नाही, वाफ नाही, नुसता. तिला दोन तास काढायचे असतील तर ते दोघांनी काढू दे.

आणि या पावसाळ्यात तिला सांभाळ. पुढच्या मिरगापर्यंत म्हणतो, त्यापुढचं तेव्हा मागेन. मला ठाऊक आहे तिचं वय किती आणि छाती कशी आहे. तरी मागतो.

काकीची ती खुडूक परत बसू दे. तिच्याखाली यंदा सगळी अंडी फळू देत. खालच्या वाडीतल्या त्या पातळ आवाजाच्या कोंबड्यालाही सांभाळ, त्यालाही कोणीतरी कुठल्याशा खाटेवरून ऐकत असेल.

पंख वाजले, महाराजा. एकदा. दोनदा. आत खाटेची पट्टी करकरली, आई सरसावून बसतेय. मी आत जातो.